आठ आठवडे एकच अन्न, आणि मग पुन्हा जुने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की कुत्र्यांच्या खाजेच्या तक्रारी वाढतात. चाटून चाटून पंजांचे केस तांबूस होतात, कानातून आंबूस वास येतो, पोटावर पुरळ उठते. मालकाला हल्ली पहिला सल्ला मिळतो तो ‘फूड ॲलर्जी असेल, खाणे बदला’ असा. मग चिकनवाल्या खाद्याचे पोते जाऊन मटणवाले येते, महिन्याभरात तेही जाऊन ‘ग्रेन-फ्री’ (धान्य नसलेले) येते, मध्येच एखादे स्टेरॉइडचे इंजेक्शन होते. वर्ष सरते आणि कुत्र्याला नेमके काय सोसत नाही, हे कुणालाच कळलेले नसते. ते कळण्याची खात्रीची पद्धत आहे, ती घरच्या स्वयंपाकघरात करता येते आणि बहुतेक वेळा ती अर्ध्यावर सोडली जाते. म्हणून हे पत्र.

अन्नावर संशय घेण्याआधी पिसवा, लूत (त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा रोग) आणि त्वचेवरचा संसर्ग ही तीन कारणे दूर करायला हवीत. हा क्रम चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

खाज कंबरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत जास्त असेल तर आधी पिसवा शोधाव्यात. बारीक दातांच्या फणीने केस विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते. पिसू दिसली नाही म्हणून ती नाही असे समजू नये. कुत्र्याच्या अंगावर असतात त्या मोठ्या पिसवा, एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के. उरलेली अंडी, अळ्या आणि कोष गादीत, सोफ्याच्या फटीत, गाडीच्या सीटवर असतात, आणि कोषावर औषधांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून एकदा औषध देऊन भागत नाही. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना किमान तीन महिने सलग औषध हवे. मात्र कुत्र्याचे पर्मेथ्रिन असलेले औषध मांजराला कधीही लावू नये, मांजर त्याने मरू शकते.

लुतीची खाज कानाच्या पाळीच्या कडेला, कोपरांवर आणि घोट्यांवर सुरू होते. पाळीची कड दोन बोटांत धरून चोळली की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलतो. घरातल्या माणसांच्या हातांवर, पोटावर बारीक पुरळ उठले असेल तर संशय पक्का होतो. त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत हे किडे पुष्कळदा सापडत नाहीत, त्यामुळे तपासणी कोरी आली तरी पशुवैद्यक औषध देऊन बघतात, आणि ते बरोबरच आहे. अफॉक्सोलानेर, सॅरोलानेर (दोन्ही महिन्याला एकदा) किंवा फ्लुरालानेर (१२ आठवड्यांना एकदा) या गोळ्यांनी पिसवा, गोचीड आणि लूत तिन्ही आटोक्यात येतात. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगावे.

लुतीवर गाडीचे जळके ऑइल, रॉकेल किंवा कापूर घातलेले खोबरेल चोळण्याची पद्धत अजून गेलेली नाही. कुत्रे अंग चाटते आणि ते सगळे पोटात जाते. कापूर कुत्र्यासाठी विषारी आहे. गाईम्हशींचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणे तर जीवघेणे ठरू शकते. कोली, शेल्टी अशा जातींतल्या अनेक कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे हे औषध थेट मेंदूत शिरते.

तिसरे कारण जंतू आणि बुरशी. खाजेने त्वचा सोलवटली की हे दोघे तिथे वाढतात आणि मग त्यांचीच वेगळी खाज सुरू होते. पारदर्शक टेप त्वचेवर दाबून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की पाच-दहा मिनिटांत उत्तर मिळते. ही साधी तपासणी मालकांनी आग्रहाने मागावी. उपचार मुख्यतः आंघोळीचा असतो: क्लोरहेक्सिडिन २ ते ४ टक्के आणि मायकोनॅझोल २ टक्के असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. फेस अंगावर घड्याळ लावून १० मिनिटे राहू द्यावा. शाम्पूने फरक पडत नाही म्हणणाऱ्या बहुतेक घरांत तो दोन मिनिटांत धुतला जातो. पाणी कोमट किंवा थंड हवे, गरम पाण्याने खाज वाढते. बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या कराव्यात, पावसात तर फिरवून आणल्यावर दर वेळी. माणसांची क्लोबेटासोल (एक तीव्र स्टेरॉइड) असलेली तिहेरी मलमे लावू नयेत. त्वचा पातळ होते आणि चाटण्यातून स्टेरॉइड पोटात जाते.

एवढे करून, सहा-आठ आठवड्यांनीही बारमाही खाज उरली तर अन्नाकडे वळावे. त्यातही कान वारंवार बिघडत असतील, गुदद्वाराभोवती खाज असेल, दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा शी होत असेल, किंवा खाज कुत्रे वर्षाचे होण्याआधीच सुरू झालेली असेल, तर अन्नाचा संशय बळावतो.

रक्ताची, लाळेची किंवा केसांची ‘फूड ॲलर्जी टेस्ट’ करून हजारो रुपये घालवू नयेत. ठणठणीत कुत्र्यांमध्येही त्या ‘पॉझिटिव्ह’ येतात. त्या यादीवर विसंबून वीस पदार्थ बंद केलेले कुत्रे उपाशीही राहते आणि खाजवतही राहते.

खरी परीक्षा म्हणजे आठ आठवडे कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, त्याशिवाय काहीही नाही. आठच का? अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्र्यांना पाच आठवड्यांत आराम पडतो, ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांना आठ आठवड्यांत. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणे म्हणजे पेपर अर्धा लिहून उठणे.

प्रथिन निवडताना कुत्र्याने आजवर काय काय खाल्ले ते घरातल्या प्रत्येकाला विचारून कागदावर लिहावे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २९७ ॲलर्जिक कुत्र्यांमध्ये गोमांस ३४ टक्के, दूधदुभते १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के असा दोषींचा क्रम होता. आपल्याकडची कुत्री वाढतात ती दूध-पोळी, चिकन-भात, अंडी आणि बिस्किटांवर, त्यामुळे पहिला संशय याच पदार्थांवर घ्यावा. तांदळावर आणि ‘ग्रेन’वर उगाच राग धरला जातो. ग्रेन-फ्री पोत्यातही बहुधा चिकन असतेच.

चिकनवर वाढलेल्या कुत्र्याला बोकडाचे मटण आणि रताळे हा आपल्याकडचा सोपा मेळ आहे. म्हशीचे मांस किंवा मेंढीचे मटण खाल्लेले असेल तर बोकड निवडू नये, या जनावरांची प्रथिने एकमेकांच्या जवळची आहेत. मग मासे किंवा पशुवैद्यकाकडचे हायड्रोलाइज्ड खाद्य घ्यावे. या खाद्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्यांना सहसा ओळखत नाही. शाकाहारी घरात, पूर्वी दिलेले नसेल तर, सोयाबीन आणि रताळे चालते. दुकानातल्या साध्या ‘लॅम्ब’ किंवा ‘फिश’ पोत्यांवर मात्र ही परीक्षा करू नये. लेबलवर नसलेली प्रथिने अशा खाद्यांत सापडलेली आहेत.

१० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ग्रॅम बिनहाडाचे मटण, ३०० ग्रॅम सोललेले रताळे (दोन्ही कच्चे मोजून) आणि एक मोठा चमचा करडई किंवा सूर्यफुलाचे तेल लागते. दोन्ही नुसत्या पाण्यात शिजवावे. मीठ, हळद, मसाला नको. कांदा-लसूण तर एरवीही नको, त्याने कुत्र्याचे रक्त बिघडते. सुरुवातीला पाच-सात दिवस जुन्यात थोडे थोडे मिसळत न्यावे, आठ आठवडे मोजायचे ते पूर्ण बदल झाल्यावर. दर आठवड्याला वजन करावे आणि घटले तर प्रमाण वाढवावे. हा आहार समतोल नाही, त्यात कॅल्शियम फारच कमी आहे. प्रौढ कुत्र्याला आठ आठवडे तो चालतो, पण वर्षाच्या आतल्या पिल्लावर घरचा प्रयोग करू नये.

परीक्षा फसते ती बहुधा ताटाबाहेर. चहाबरोबरचे बिस्किट (गहू आणि दूध दोन्ही त्यात), आजीने मायेने टाकलेली पोळीची चतकोर, नैवेद्याचा दहीभात, बाळाच्या खुर्चीखालचा सांडलेला घास, मांजराची वाटी, सोसायटीच्या फाटकाशी भटक्या कुत्र्यांसाठी ठेवलेले अन्न, चघळायच्या काड्या, चिकनच्या चवीची टूथपेस्ट. पिसवांच्या चघळायच्या गोळ्यांनाही मांसाची चव असते. या काळात मानेवर टाकायचे औषध घ्यावे आणि बाकी गोळ्या उकडलेल्या रताळ्यात दडवून द्याव्यात. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दारावर कागद चिकटवावा. कामाला येणाऱ्या मावशींना आणि शेजारच्या मुलांना कारण समजावून सांगावे. नुसती बंदी कुणी पाळत नाही.

सुरुवातीला खाज असह्य असेल तर प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) किंवा ओक्लासिटिनिब ही खाज शमवणारी गोळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जरूर द्यावी, कुत्र्याला तळमळत ठेवण्यात काही अर्थ नाही. मात्र शेवटचे किमान दोन आठवडे औषधाविना गेले पाहिजेत, नाहीतर आराम अन्नाने पडला की गोळीने, हे सांगता येणार नाही. लांबणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन नकोच, त्याचा असर अनेक आठवडे राहतो.

रोज रात्री खाजेला शून्य ते दहा गुण द्यावेत: शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे खाताना-झोपतानाही थांबत नाही. आठवणीवर भरवसा ठेवू नये.

आता सर्वात जास्त वगळला जाणारा भाग. आठ आठवड्यांनी खाज आठवरून दोनवर आली तरी ॲलर्जी सिद्ध झालेली नसते. दरम्यान पिसवा गेल्या असतील, शाम्पूने बुरशी हटली असेल, किंवा जुलैतला पाऊस जाऊन सप्टेंबर आला असेल. म्हणून जुने अन्न पुन्हा द्यायचे, तेच खाद्य, तेच बिस्किट. अन्नच कारण असेल तर खाज बहुतेक कुत्र्यांत १४ दिवसांच्या आत परतते, पुष्कळदा पहिल्याच आठवड्यात. परतली की लगेच मटण-रताळ्यावर यायचे, खाज शमू द्यायची आणि मग एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे देऊन बघायचा: आधी चिकन, मग दूध, मग पोळी, मग अंडे. बरे झालेले कुत्रे पुन्हा खाजवताना पाहणे मालकाला नकोसे होते, ते आम्ही समजू शकतो. पण ही पायरी गाळली तर कदाचित निर्दोष असलेले चिकन त्या कुत्र्याला जन्मभर बंद होते.

जुने अन्न देऊनही खाज परतली नाही, किंवा आठ आठवडे काटेकोर पाळूनही काहीच फरक पडला नाही, तर बहुधा धुळीतले सूक्ष्म किडे आणि परागकण यांची ॲलर्जी असते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हे किडे चांगलेच फोफावतात. ती बरी होत नाही, आवरता येते. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुणे, नियमित शाम्पू आणि गरजेपुरती गोळी असे ते आवरणे आहे. तेव्हा खाण्याची पोती बदलणे थांबवावे.

तपासणीचा खर्च झेपत नसेल त्यांनी परळ, नागपूर, शिरवळ, परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावे. जाताना खाजेच्या गुणांची वही, आजवर दिलेल्या सगळ्या औषधांची नावे आणि खाद्याच्या पिशवीमागचा घटकांचा मजकूर बरोबर न्यावा. आणि आदल्या दिवशी कुत्र्याला आंघोळ घालू नये, त्वचेवरचे जंतू धुऊन गेले तर टेपवर काहीच दिसत नाही.

आपले नम्र,
कुत्र्यांच्या त्वचारोगांवर उपचार करणारे काही पशुवैद्यक