परदेशातल्या कसोटीचा पूर्ण धावफलक छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारत-इंग्लंड मालिकेतली मँचेस्टरची कसोटी २७ जुलै २०२५ ला, रविवारी अनिर्णित संपली तेव्हा आपल्याकडे रात्र झाली होती. फैजपूरला येणारा अंक लवकर छपाईला जातो, त्यामुळे सोमवारी चहापानापर्यंतच्याच धावा वाचायला मिळाल्या. त्याबद्दल तक्रार नाही. पण मंगळवारी इंग्लंडचा कर्णधार स्टोक्सने सामना लवकर सोडवण्यासाठी पुढे केलेल्या हस्तांदोलनाच्या वादाला तुम्ही पाऊण पान दिलेत आणि धावफलक कुठेच नव्हता. शिळा झाला म्हणून गाळला असणार.

आमचे नाना ८६ वर्षांचे आहेत. केळीच्या हिशेबाची त्यांची एक लांब वही आहे. डाव्या पानावर सावद्याच्या स्टेशनात भरलेल्या वॅगनचा आणि घडांचा हिशेब, उजव्या पानावर गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवलेले १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याचे धावफलक. खळीमुळे कसर लागली, कडा कुरतडल्या गेल्या, पण आकडे शाबूत आहेत. तेव्हा त्रिनिदादची बातमी आमच्या गावी दोन-दोन दिवसांनी पोचायची. तीही शिळीच होती, तरी नानांनी ती जपली.

मी ३१ वर्षे गणित शिकवले. सरासरीचा धडा आला की नानांच्या वहीतून गावसकरांचे आठ डाव फळ्यावर लिहायचे : ६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४, २२०. मुले बेरीज करायची, ७७४. मग झटकन आठाने भागून ९६.७५ सांगायची. मी म्हणायची, नाबाद राहिलेला गडी बाद झालाय का रे? वर्गात थोडा वेळ शांतता, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचे, "बाई, पाचाने भागायचं!" १५४.८०. ती शांतता मला आजही आठवते.

मँचेस्टरला भारताच्या दुसऱ्या डावाचा धावफलकही तसाच शिकवण्याजोगा होता. ३११ धावांची पिछाडी, पहिल्याच षटकात दोन गडी बाद आणि धावसंख्या शून्य. तिथून राहुल ९०, गिल १०३, सुंदर नाबाद १०१, जडेजा नाबाद १०७. चार बाद ४२५. शीर्षकात 'सामना अनिर्णित' एवढेच येते. राहुलने त्या ९० धावांसाठी २३० चेंडू खेळून काढले, हे धावफलकाशिवाय कळायचे कसे? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जानेवारी २०२१ मध्ये पुजाराने अंगावर चेंडू झेलत २११ चेंडूंत ५६ धावा केल्या. पंतच्या नाबाद ८९ धावांचे कौतुक सगळ्यांनी केले, करायलाच हवे होते. पण पुजाराचे ते २११ चेंडू नसते तर पंतला तो विजयी फटका मारायला मिळाला असता का? ज्याने टिकून राहून सामना राखला, त्याची नोंद फक्त त्या बारीक रकान्यात राहते.

भाचा म्हणतो, मावशी, मोबाईलवर सगळं असतं. असेल. मोबाईलवरचे नाना वहीत चिकटवणार कसे?

त्याच मालिकेतला ओव्हलचा शेवटचा सामना आपल्याकडच्या संध्याकाळीच आटोपला, सहा धावांनी जिंकलो, तेव्हा तुम्ही सिराजचा केवढा मोठा फोटो दिलात! घरात सगळ्यांनी तो हातोहात पाहिला. धावफलक मात्र तेव्हाही चार ओळींत उरकला.

विनंती एवढीच, की परदेशातला सामना उशिरा संपला तर दुसऱ्या नाही तर तिसऱ्या दिवशी दोन्ही संघांच्या सगळ्या डावांचा पूर्ण धावफलक द्यावा. चेंडू, अवांतर धावा, गडी बाद होण्याचा क्रम, गोलंदाजांची षटके, सगळे. टंक बारीक असला तरी चालेल, नानांकडे भिंग आहे. मँचेस्टरसाठी त्यांनी वहीत एक पान कोरे सोडले आहे. तेवढा एक धावफलक अजूनही छापता आला तर छापावा.

आपली,
एक निवृत्त गणितशिक्षिका,
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव