नवरीसाठी गालिचा, आत्याबाईंसाठी चिखल

महोदय,

रविवारच्या पुरवणीत लॉन्सवरच्या लग्नांचं जे कौतुक छापून आलंय ते वाचलं. फोटो झकास आहेत. हिरवळ, दिव्यांच्या माळा, फुलांची कमान, सगळं आहे. पण एकाही फोटोत साठीच्या पुढचं माणूस चालताना दिसत नाही. ते का, हे समजून घ्यायचं असेल तर लेखकानं लग्नाच्या दाट तिथीला संध्याकाळी छत्रपती संभाजीनगर रोडवरच्या कुठल्याही लॉन्सवर जाऊन यावं. (पोचता आलं तर. त्या दिवशी रस्ता कुठं संपतो आणि पार्किंग कुठं सुरू होतं, हे तिथं उभ्या असलेल्या ट्रॅफिक पोलिसालाही सांगता येत नाही.)

आमच्या घरातलंच लग्न होतं. सोबत माझ्या यजमानांच्या आत्याबाई. वय ८४, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, हातात वॉकर. गाडी फाटकापाशी पाच मिनिटंही उभी करू देत नव्हते, त्यामुळे खडीतून चालणं आलंच. ते निभावलं. पुढं हिरवळ. ती टवटवीत दिसावी म्हणून दुपारी पाणी सोडलेलं. वॉकरचे पाय रुतायचे, ते उपसून काढायचे, पुन्हा पुढं टाकायचे, पुन्हा रुतायचे. काठपदराचा पदर सांभाळत, घामाघूम होत त्या चालल्या होत्या आणि आजूबाजूनं मंडळी 'अरे वा, आत्याबाई आल्या!' म्हणत पुढं जात होती.

आता खरी गंमत ऐका. त्याच हिरवळीच्या मधोमध फाटकापासून थेट स्टेजपर्यंत प्लायवूडची सपाट वाट केलेली होती, वर लाल गालिचा. ना चढ, ना उतार, ना चिखल. आत्याबाईंनी शहाण्या माणसासारखा वॉकर तिकडं वळवला. तर काळ्या शर्टातला एक धिप्पाड मुलगा आडवा आला. "आजी, इथून नाही. ब्राइडची एन्ट्री आहे." मी विचारलं, कधी? म्हणाला, "नऊला." तेव्हा सात वाजले होते. पत्रिकेत मुहूर्त छापलेला ६ वाजून ५५ मिनिटांचा, पण तो विषय गुरुजींचा, त्यात मी पडत नाही. आम्ही हुज्जत घालत असतानाच कॅमेऱ्याची क्रेन चाकांवरून गडगडत त्याच गालिच्यावरून स्टेजकडं गेली. तिला कुणी अडवलं नाही. आत्याबाई नुसत्या बघत राहिल्या. मग त्या मुलानं मोठ्या मनानं सुचवलं, "आजी, साइडनं घ्या ना."

म्हणजे सपाट वाट करता येत नाही, खर्च परवडत नाही, हिरवळ खराब होते, ही सगळी कारणं खोटी. वाट करता येते. केलेलीच होती. फक्त ती क्रेनसाठी होती.

शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली. तिचेही मागचे पाय मातीत गेले, तेव्हा पाठीला उशी लावून तिरकं बसावं लागलं. पाण्याचे तुषार उडवणारे ते मोठे पंखे स्टेजसमोरच्या सोफ्यांपुढं. मागं फक्त त्यांचा आवाज.

स्वच्छतागृहाचं सांगायलाच हवं, कारण तुमच्या लेखात त्याचा शब्द नाही. भटारखान्याच्या मागं, जनरेटरच्या वायरी ओलांडून जायचं. तीन उंच पायऱ्या, धरायला कठडा नाही. कमोड असलेलं एकच, आणि त्यात पाण्याचे जार रचून बाहेरून कुलूप. किल्ली मॅनेजरकडं, मॅनेजर कुठं ते कुणालाच ठाऊक नाही. मी चिडून परत आले, तर आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे गं. मला माहीत होतं. मी सकाळपासून पाणीच घेतलं नाहीये."

नाशिकचा मे महिना, ८४ वर्षांची बाई, आणि लग्नाला जायचं म्हणून दिवसभर पाणी नाही. आणि त्या एकट्या नव्हेत, संपादक महोदय. तुमच्या घरातल्या मोठ्या बायकांना विचारून बघा, लग्नकार्याच्या दिवशी त्या किती पाणी पितात. हे संध्याकाळचं झालं. दुपारच्या मुहूर्ताचं तर बोलूच नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्या माणसांपैकी १४ जण दगावले, तेव्हा सरकारनं दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत असं ठरवलं होतं. लग्नाला ते कोण सांगणार? अक्षता तर बाराच्या उन्हातच पडायच्या!

कायदा नाही असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. लोकांची ये-जा असलेली खासगी जागाही त्यात येते, आणि जुन्या इमारतींना सुधारणांसाठी दिलेली पाच वर्षांची मुदतही केव्हाच उलटून गेली. आमच्या सोसायटीत रॅम्प केला तेव्हा कळलं की एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. या हिशेबानं तीन फुटी स्टेजला छत्तीस फुटांचा रॅम्प हवा. तो कुणी करणार नाही, आणि तशी माझी मागणीही नाही. नवरा-नवरीनं दहा मिनिटं खाली उतरून चार म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडावं, एवढंच. आमची नवरी यायला तयार होती. इव्हेंटवाल्या बाई म्हणाल्या, "सीक्वेन्स बिघडेल."

जेवणाचं थोडक्यात. बसायची टेबलं व्याह्यांसाठी राखीव. आत्याबाईंनी ताट मांडीवर घेतलं, मठ्ठा साडीवर सांडला. जिलबी मात्र चांगली होती, हे नमूद करते.

जाता जाता आणखी एक. ज्या रविवारी हा लेख आला, त्याच अंकात एका लॉन्सची पानभर रंगीत जाहिरात होती आणि नेमकं शब्दकोडं गायब होतं. गेल्या महिन्यातही असंच झालं. जाहिराती जरूर घ्या, वर्तमानपत्र चालवायचं तर त्या लागणारच. पण कोडं पहिल्या पानावरच्या कुठल्या तरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जागी टाका, आमची हरकत नाही. निदान पुढच्या वेळी लॉन्सवर लेख लिहाल तेव्हा भाडं आणि पाहुण्यांची क्षमता छापता तशी दोन माहित्या जास्त छापा: फाटकापासून खुर्चीपर्यंत पक्की वाट आहे का, आणि कमोडची किल्ली कुणाकडं असते.

कळावे,

एक नियमित वाचक, इंदिरानगर, नाशिक

(नाव कृपया छापू नये. व्याही तुमचाच पेपर घेतात.)