शिक्का नको, मोजपट्टी हवी

महोदय,

व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन उमेदवारावर ‘अंतर्मुख’ असा शिक्का मारणे आणि त्यावरून त्याला नोकरी नाकारणे अन्यायाचे आहे. मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट व ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांचे वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी अशा शब्दांच्या विश्लेषणातून पाच गुणविशेष मांडले: खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. हे कप्पे नव्हेत, मोजपट्ट्या आहेत. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही एकाच पट्टीची दोन टोके; बहुतेक माणसे मधल्या भागात येतात! शिवाय प्रसंगानुसार वागणे बदलते आणि वयाबरोबर गुणविशेषही थोडेफार सरकतात. निवड करणाऱ्यांनी निदान एवढे तरी जाणून घ्यावे. तरुणांच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

– एक वाचक