बोगमाळोच्या लाकडी जेटला छप्पर द्या

मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार, यांस,

सविनय नमस्कार.

आमच्या गोव्यातल्या बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ पासून नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. आवारात सुपर कॉन्स्टेलेशन आहे, सी हॉक आहे, अलिझे आहे. घरी पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो आणि ते या मोठ्या विमानांपुढे फोटो काढतात. मी लिहितो आहे ते त्यांच्यातल्या एका बुटक्या विमानासाठी. व्हॅम्पायर टी-५५, नौदलाचे जुने प्रशिक्षण जेट. त्याचे अंग लाकडाचे आहे, आणि ते उघड्यावर उभे आहे.

जेट आणि लाकडाचे, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ब्रिटनच्या डी हॅव्हिलंड कंपनीने युद्धकाळात मॉस्किटो हे लाकडी विमान बांधले होते. तीच विद्या त्यांनी व्हॅम्पायरला लावली आणि २० सप्टेंबर १९४३ रोजी ते पहिल्यांदा उडाले. वैमानिक बसतो तो पुढचा भाग म्हणजे प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा नावाचे अगदी हलके लाकूड, गोंदाने चिकटवलेले. पंख आणि मागचे दोन दांडे तेवढे धातूचे. दांडे दोन का, तर तेव्हाची जेट इंजिने अशक्त होती. लांब नळीतून झोत नेला की जोर वाया जाई. म्हणून नळी आखूड ठेवली आणि शेपूट दोन दांड्यांवर मागे नेले. ३ डिसेंबर १९४५ रोजी विमानवाहू जहाजावर पहिले जेट उतरले, तेही व्हॅम्पायरच.

आपल्या हवाई दलात ही जात १९४८ मध्ये आली, पुढे बंगळूरूच्या हिंदुस्थान कारखान्यात ती बांधलीही गेली. नौदलाला तिची गरज वेगळ्या कारणाने होती. विक्रांत या विमानवाहू जहाजावरचे लढाऊ जेट सी हॉक एकआसनी. त्याची दोनआसनी आवृत्ती कधी निघालीच नाही, त्यामुळे सी हॉकमधले पहिले उड्डाणसुद्धा एकट्यानेच करावे लागे. जेट हाताळायला शिकायचे ते त्याआधी, व्हॅम्पायरमध्ये, शिक्षकाच्या खांद्याला खांदा लावून. या विमानात दोन खुर्च्या शेजारी-शेजारी आहेत. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांतवरून सी हॉक चितगाव आणि कॉक्स बाजारवर गेले, ते आपण शाळेच्या पुस्तकांत वाचतो. ज्या खुर्चीत बसून नौदलाने जेट शिकून घेतले, ती खुर्ची इथे आमच्या गावाशेजारी आहे.

मी चिखलीचा. १९६४ मध्ये नौदलाचा हवाई तळ आयएनएस हंसा कोइम्बतूरहून शेजारच्या दाबोळीला आला, तेव्हापासून जेटचा आवाज आमच्या गावाच्या डोक्यावर आहे. माझे वडील सुतार होते. मे महिन्यात घराची कौले परतताना विमान गेले की ते हात थांबवून वर बघत. एका संध्याकाळी भिजून फुगलेली प्लायवूडची फळी त्यांनी माझ्या हातात दिली. कडेला नख लावले तर थर वहीच्या पानांसारखे सुटले. ते म्हणाले, ‘‘रंग बघू नको, सांधा बघ. लाकूड मरतं ते सांध्यातून.’’ बाल्सा तर याहून कितीतरी भुसभुशीत. वरचा रंग ताजा असला तरी आत पाणी मुरले की बाहेरून काही कळत नाही. १९४४ मध्ये भारतात मॉस्किटो विमाने हवेत मोडली, तेव्हा चौकशीत बांधणीतल्या दोषांबरोबर इथल्या उष्ण-दमट हवेचाही मुद्दा पुढे आला होता.

गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बोगमाळोला समुद्राचे खारे वारे बारा महिने. संग्रहालयाची माणसे या विमानांवर जीव लावतात, त्यांच्याविषयी माझी काडीमात्र तक्रार नाही. पण पावसापुढे रंगाचा हात किती दिवस पुरणार? आमच्या किनाऱ्यावरचा रापणकार, म्हणजे रापणीचे जाळे ओढणारा मच्छीमार, मासेमारी बंद व्हायच्या आधी होडी वाळूवर ओढतो आणि माडाच्या चुडतांनी शाकारतो. साधी होडी असते, पण ती लाकडाची आहे हे तो विसरत नाही.

माझी मागणी मोठी नाही. सगळी विमाने झाकायला वेळ आणि पैसा लागेल, हे मला समजते. म्हणून आधी या एकाला उंच, पुढे आलेल्या वळचणीचे छप्पर द्या, झड आत येणार नाही असे. खाली पाणी साचू नये म्हणून जोते बांधा. आणि छप्पर घालण्याआधी बंगळूरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेचे जाणकार बोलावून लाकडाचा ओलावा आणि सांधे तपासून घ्या. ज्या शहरात ही विमाने बांधली गेली, तिथेच लाकडाचे शास्त्र जाणणारी माणसे बसली आहेत. शेजारी मराठीत आणि कोकणीत एक फलक लावा: हे जेट लाकडाचे आहे. शाळेची मुले तेवढे वाचून थांबतील आणि जवळ जाऊन बघतील.

हे काम मे महिन्यात कौले परतायच्या आत व्हावे, एवढीच विनंती.

आपला नम्र,
चिखलीच्या एका सुताराचा मुलगा