बाबा, पेटीवर नसलेल्या सुराबद्दल

अंकारा, तुर्कस्तान

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "घरात पेटी असताना तिचा नाद सोडलास, आणि आता त्या मुलखात कसलं लाकूड घेऊन बसलीस?" मी बसमध्ये होते, म्हणून हसण्यावारी नेलं. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. आई, बाबांच्या डोळ्याला त्रास होत असेल तर तूच हे मोठ्याने वाचून दाखव. आणि मधले तुझे शेरे नंतर फोनवर ऐकव.

त्या लाकडाचं नाव बालामा. बोलताना सगळे नुसतं साझ म्हणतात. खाली तुतीच्या लाकडाचा पोटाळ भाग, त्यावर पातळ फळी, वर लांब दांडी. तारा सात, पण तीन जुड्यांत लावलेल्या: खाली तीन, मध्ये दोन, वर दोन. आमची जुळवणी तुमच्या भाषेत सांगायची तर खालच्या तारा सा, मधल्या त्याच्या खालचा मध्यम, वरच्या कोमल निषाद. दांडीवरचे पडदे धातूचे नाहीत, नायलॉनच्या दोऱ्याचे वेढे देऊन गाठ मारलेले असतात. सतारीचे पडदे सरकवता येतात ना, तसेच हेही सरकतात. थंडीत इथे घरोघरी हीटर चालू असतात, हवा कोरडी होते, मग खुंट्या सैल पडतात. तासाला बसलं की पहिली दहा मिनिटं नुसती सूर लावण्यात जातात.

क्लास सरकारच्या लोकशिक्षण केंद्रात आहे, फी नाही. आई, वयाची काळजी करू नकोस, वर्गात मीच तरुण म्हणायची. निवृत्त बसड्रायव्हर, एक नर्सबाई, नातवाला सोडायला येता येता स्वतःच नाव घातलेले एक आजोबा. मास्तरांना सगळे 'होजाम' म्हणतात, म्हणजे आपलं 'सर' समजा. पण मास्तर तासाला दोनदा सगळ्यांना चहा पाजतात, हे आपल्याकडच्या सरांकडून होणं कठीण.

पहिले कितीतरी तास डाव्या हाताला कामच नव्हतं. उजव्या हातात तेझेने, म्हणजे तारा छेडायची लवचिक पट्टी. पूर्वी ती चेरीच्या झाडाच्या सालीची करत, आता प्लास्टिकची मिळते. ती अंगठा आणि तर्जनीत सैल धरायची, टोकच तेवढं तारेला लागलं पाहिजे. खाली-वर, खाली-वर, मोकळ्या तारांवर. हात कोपरातून हलला की होजाम येऊन माझं कोपर साझच्या पोटावर दाबून धरतात: हलायचं ते मनगटानेच. मान वाकवून बोटांकडे बघायचं नाही, वाद्य आपल्याकडे कलंडू द्यायचं नाही. आता डाव्या हाताचं सुरू झालंय. बोटं दांडीखालून येतात, पण वरच्या तारा अंगठ्याने, दांडीवरून दाबायच्या. माझा अंगठा अजून ऐकत नाही. बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत, आई, पण भांडी घासताना काही होत नाही, तेव्हा मलम पाठवू नकोस.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर.

तुम्ही सोमवारच्या भजनात शेवटचा अभंग म्हणता, त्यात रिषभावर, म्हणजे 'रे'वर, येताना तुमचा आवाज जरा खालून येतो. लहानपणी मी तो पेटीवर शोधायचे. कोमल रिषभाची पट्टी दाबली तर खाली पडतो, शुद्धाची दाबली तर वर जातो. तुमचा सूर त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी. मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तो गळ्याचा आहे, पेटीचा नाही." गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेला मात्र पेटीच्याच सुरात गायचं होतं. मग मी तो नाद सोडला. पेटीचाही.

साझवर एका सप्तकात सुरांच्या सतरा जागा आहेत. कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मध्ये एक वेगळा पडदा बांधलेला असतो, शुद्धाच्या बाजूला झुकलेला, आणि अनातोलियातली, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातली, कितीतरी गाणी त्याच्यावाचून उभीच राहत नाहीत. पहिल्यांदा होजामनी माझं बोट त्या पडद्यावर ठेवलं आणि तार छेडली, तेव्हा मी चटकन म्हणाले, "हा माझ्या वडिलांचा!" मराठीतच म्हणाले. त्यांना काय कळलं देव जाणे, पण ते हसले. शेजारच्या ड्रायव्हरकाकांच्या साझवर तोच पडदा किंचित खाली आहे. त्यांच्या गावाकडे तो तसाच हवा असतो. होजाम बदलायला लावत नाहीत.

पेटीवर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली, हे तुम्हीच चिडून सांगता. तेव्हा मी पेटीच्या विरुद्ध आहे असं समजू नका. तुमच्या साथीवाचून भजनी मंडळाचं पान हलत नाही. पण बंदी घालणारे लोक या एका सुराबाबत अगदीच वेडे नव्हते.

तुम्हाला नेशेत एर्ताश ऐकवायचे आहेत, साझवर गाणारे इथले लोकगायक. १९३८ चा जन्म, अनातोलियातल्या किर्शेहिरकडचा. वडील मुहर्रेम एर्ताश लग्नांतून गाणारे, पोरगं त्यांच्यामागे साझ घेऊन फिरलेलं. पुढे बोटं लुळी पडली म्हणून उपचाराला जर्मनीत गेले आणि बरीच वर्षं तिकडेच राहिले. सरकार 'राष्ट्रीय कलाकार' ही पदवी द्यायला निघालं तेव्हा नको म्हणाले. २०१२ मध्ये गेले. वडिलांच्या पायाशी पुरा, ही त्यांची इच्छा होती, तसंच केलं. आवाज गुळगुळीत नाही, आईला आवडणार नाही कदाचित. बाबांना आवडेल.

वर्गातल्या नर्सबाई इस्लाममधल्या अलेवी पंथाच्या आहेत. त्यांच्या जेम नावाच्या धार्मिक बैठकीत साझ लागतोच, आणि वाजवणारा आधी त्याचं चुंबन घेतो, कपाळाला लावतो. सप्ताहात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा पाया पडतात, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "बायकांना धरू देतात?" मी म्हटलं, गावावर आहे. त्यांच्याकडे बायका-पुरुष एकाच बैठकीत बसतात, त्यामुळे त्यांना हे उत्तर काही फारसं पटलं नाही. मलाही नाही, खरं सांगायचं तर.

आता एक काम. बाबा, तो शेवटचा अभंग मला रेकॉर्ड करून पाठवा. पेटी बंद ठेवून गा, टाळ चालतील. गायची पट्टी काळी एक असेल तर बरं, माझ्या तारा तेवढ्याला लावता येतील. आई, मोबाइल बाबांच्या खिशात ठेवू नकोस, मागच्या वेळी नुसता सदरा ऐकू आला. समोर स्टुलावर ठेव आणि पंखा बंद कर. तुमच्याकडे रात्री साडेनऊ म्हणजे इथे सातच वाजलेले असतात, त्यामुळे भजन आटोपल्यावर पाठवलंत तरी मी जागीच असेन.

तुमची लेक