काउंटरच्या अलीकडून

फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स
२२ नोव्हेंबर २०२०

प्रिय सुषमा,

दिवाळीत फोनवर तू विचारलंस, "मंगल, एवढ्या मोठ्या, चारी बाजूंनी बंद सुपरमार्केटमध्ये दिवसभर काउंटरवर उभी असतेस, भीती नाही वाटत?" मी हसून विषय बदलला, कारण शेजारी श्रीकांत बसले होते. त्यांच्यासमोर हा विषय निघाला की "सोड ती नोकरी" इथपर्यंत गाडी यायला दोन मिनिटं लागतात. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी निवांत लिहायला बसले. येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, इथला मोठा सण आहे, म्हणजे उद्यापासून टर्की आणि रताळ्यांसाठी जी झुंबड उडेल त्यात पत्र राहूनच जाईल.

शिवाय तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा तो मेसेज. 'किराणा दुकानदारच घरोघरी करोना वाटतायत.' तो वाचून दाखवताना तुझा आवाज चढला होता, आणि चढायलाच हवा. मार्च-एप्रिलमध्ये हीच माणसं भावोजींना रात्री दहाला फोन करून तुमच्या दुकानातली तूरडाळ मागत होती ना?

भीती वाटते, हे आधी कबूल करते. पण ती कशाची वाटायला हवी आणि कशाची नको, हे कळायला मला उन्हाळा उलटावा लागला.

मागच्या महिन्याच्या शेवटी इथे एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या लोकांनी केलेला, आणि दुकान आमच्या बॉस्टनमधलंच, एकच सुपरमार्केट. मे महिन्यात तिथल्या १०४ कामगारांची तपासणी केली, त्यात २१ जण पॉझिटिव्ह निघाले. पाचातला एक! ज्यांचा गिऱ्हाइकाशी थेट संबंध येतो, त्यांना लागण होण्याची शक्यता मागे माल लावणाऱ्यांच्या मानाने पाचपट. दुकान एकच आणि माणसं थोडी, त्यामुळे 'पाचपट' हा आकडा कमीजास्त होऊ शकतो, हे मलाही कळतं. पण दिशा कुठली आहे ते त्यातून स्वच्छ दिसतं. डबे, पुठ्ठ्याची खोकी, भाज्या दिवसभर हाताळणारा माणूस त्या मानाने सुरक्षित, आणि गिऱ्हाइकासमोर उभा असलेला धोक्यात. आजार मालातून येत असता तर गणित उलटं दिसलं असतं.

आणि त्या २१ जणांपैकी तीन चतुर्थांशांना काहीही होत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. आता आमच्या दारात शिफ्टच्या आधी कपाळावर ती बंदूक रोखून ताप बघतात, तिचा उपयोग किती ते तूच ठरव. तुमच्याकडेही मॉलच्या दारात तेच चाललंय. ताप नसलेला माणूस हसत आत जातो, आणि सगळ्यांना वाटतं आपण काळजी घेतली.

याच अभ्यासाच्या शेवटी लिहिलंय की असे कामगार आजूबाजूच्या वस्तीत संसर्ग पसरवू शकतात. ते खरंच आहे, मी नाकारत नाही. पण सगळ्यांनी नेमकं तेवढंच वाक्य उचललं. कामगाराला तो कुठून आला, हे पहिलं वाक्य कुणी वाचतच नाही. तुमच्या सोसायटीतल्या बाई दुकानात पाच मिनिटं येतात आणि एका भावोजींना भेटतात. भावोजी त्या दिवशी अख्ख्या सोसायटीला भेटतात. धोका कुणाला जास्त, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. मे महिन्यात अहमदाबादेत भाजीवाल्यांना, किराणावाल्यांना 'सुपर स्प्रेडर', म्हणजे एकट्याने अनेकांना आजार देणारे, ठरवलं आणि ७ ते १५ मे दूध आणि औषधं सोडून सगळी दुकानं बंद ठेवली. त्यांच्या तपासण्या केल्या हे चांगलंच झालं. पण त्यांना ते नाव देण्याऐवजी 'सगळ्यात जास्त धोक्यातली माणसं' म्हटलं असतं, तर लोकांनी त्यांच्याकडे बघितलं असतं ते वेगळ्या नजरेने. त्याच सुमाराला तुमची वाशीची बाजार समितीही आठवडाभर बंद होती, तेव्हा तू म्हणाली होतीस की माल संपतोय याची सगळ्यांना काळजी, हमालांचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

आता माझ्या दुकानाचं सांगते. मार्चमध्ये आम्हाला मास्क घालू नका असं सांगितलं होतं. गिऱ्हाईक घाबरतं म्हणे! इथल्या बऱ्याच दुकानांत तेव्हा हाच हुकूम होता. मग ३ एप्रिलला सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, कापडी मास्क वापरा म्हणून सांगितलं आणि ६ मेपासून आमच्या राज्यात तो सक्तीचा झाला. दरम्यान दुकानातल्या गल्ल्यांमध्ये एकेरी वाहतुकीचे बाण चिकटवले, ६० वर्षांवरच्यांसाठी सकाळची वेगळी वेळ ठेवली, आत एका वेळी क्षमतेच्या ४० टक्केच माणसं. लोकांनी घरून आणलेल्या कापडी पिशव्यांवर तर जुलैपर्यंत बंदी होती. ज्या प्लॅस्टिकच्या पिशव्या गावोगावी बंद करायला वर्षं गेली होती, त्या एका आदेशाने परत आल्या. पिशवीतून करोना येतो असं तेव्हा वाटत होतं. आम्ही दर गिऱ्हाइकानंतर काउंटरवरचा माल सरकवणारा पट्टा पुसायचो, कार्टचे दांडे पुसायचो. पुसून पुसून माझ्या बोटांची सालं निघाली.

आणि हवेबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर मार्चमध्ये ठासून सांगितलं होतं की हा हवेतून पसरणारा आजार नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेचा विचार करा म्हटलं, तेव्हा कुठे सूर बदलला. सीडीसीने तर गेल्या महिन्यात ऑक्टोबरमध्ये ते मान्य केलं. तोवर आमचं दुकान प्लेक्सिग्लासने, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकने, मढून झालं होतं. त्या काचेची गंमत सांगते. पलीकडचं नीट ऐकू येत नाही. मग गिऱ्हाईक काय करतं? काचेच्या बाजूने मान आत घालतं, मास्क हनुवटीवर ओढतं आणि मोठ्याने विचारतं, "कूपन लागलं का?" मोठ्याने बोलताना तोंडातून जास्त कण उडतात, म्हणजे काचेमुळेच ते माझ्या अंगावर येतात. काच नको असं माझं म्हणणं नाही, समोरून खोकलं तर ती अडवतेच. पण हवेला काच कळत नाही, ती वळसा घालून येते.

माझ्या मते आमच्या दुकानातली सगळ्यात वाईट जागा म्हणजे ब्रेक रूम. खिडकी नाही, एक मायक्रोवेव्ह, सहा खुर्च्या. दिवसभर मास्क लावून कंटाळलेली माणसं तिथे येऊन मास्क काढतात, जेवतात, गप्पा मारतात. बाहेर सहा फुटांची रेघ पाळायची आणि इथे एकमेकांच्या डब्यात डोकावायचं. मी आता गाडीत बसून पोळीभाजी खाते. थंडी वाढली की काय करायचं ते बघू.

म्हणून तुला सांगते, तुमचं दुकान आमच्यापेक्षा कितीतरी बरं आहे. शटर पूर्ण वर, गिऱ्हाईक रस्त्यावर, फळीच्या पलीकडे मोकळी हवा. आमच्यासारखं बंद डब्यात पन्नास माणसांबरोबर दिवस काढायचा नाही. भावोजींनी पावसाळ्यात लावलेला तो प्लॅस्टिकचा पडदा अजून असेल तर आधी काढायला सांग. गिऱ्हाईक पायरीच्या खालीच थांबू दे, यादी व्हॉट्सॲपवर घ्या, पैसे स्कॅन करून. आणि मागच्या माळ्यावर जिथे पोती रचता, तिथे दोघांनी एकदम जाऊ नये. दुधाच्या पिशव्या साबणाने धुणं मात्र आता थांबव, बाई. हात धू, तेवढं पुरे.

तुमच्या दुकानातल्या गणेशचं विचारायचं राहिलं होतं. तो अजून कल्याणहून बसनेच येतो ना? त्याच बॉस्टनच्या अभ्यासात कामगारांच्या मनाचीही तपासणी केली होती. २४ टक्के जणांमध्ये चिंतेची लक्षणं होती, ८ टक्क्यांमध्ये नैराश्याची. जे चालत, सायकलने किंवा स्वतःच्या गाडीने कामावर येत, त्यांच्यात नैराश्य कमी होतं. ज्यांना कामावर अंतर राखता येत होतं, ते कमी घाबरलेले होते. म्हणजे भीती काही वेडेपणाची नसते, धोका खरोखर जास्त असतो तिथेच ती जास्त असते. गणेश हल्ली चिडचिड करतो म्हणालीस, तर त्याला गर्दीच्या वेळेआधी किंवा नंतर येऊ दे.

आणि त्याला ताप आला तर पगार कापणार नाही, हे भावोजींनी आधीच सांगून ठेवावं. यावर माझं ठाम मत आहे, कारण इथे काय झालं ते बघितलंय. मार्चमध्ये सरकारने करोनासाठी दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला, आणि त्यातून ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपन्या वगळल्या. म्हणजे देशातल्या सगळ्या मोठ्या सुपरमार्केट साखळ्या बाहेर! कुणी आपणहून रजा दिली, कुणी नाही. आमच्या राज्यात वर्षाला ४० तास आजारपणाची रजा कायद्याने मिळते, ती एका सर्दीत आणि मुलाच्या एका तापात संपते. मग घसा दुखतोय म्हणून घरी कोण बसणार? गोळी घेतात आणि येतात. वसंतात आम्हाला 'हीरो' म्हणत होते, दारात फलक लावले होते, बऱ्याच कंपन्यांनी तासामागे दोन डॉलर जास्त दिले. उन्हाळा येईपर्यंत बहुतेकांनी ते बंद केले. फलक मात्र अजून आहे, पावसाने रंग उडालेला.

आता लशीची चर्चा आहे. गेल्या सोमवारी मॉडर्नाने ९४.५ टक्के परिणामाचा आकडा जाहीर केला. ती कंपनी इथलीच, केंब्रिजची, त्यामुळे दुकानात सगळ्यांना जणू आपल्याच घरचं लग्न ठरल्यासारखा आनंद. पण आधी डॉक्टर-नर्स, वृद्धाश्रमातली माणसं, मग आम्ही अत्यावश्यकवाले की ६५ वर्षांवरचे, यावर वाद चालू आहे. वृद्ध आधी असतील तर माझी तक्रार नाही. रोज माझ्याच रांगेत येणाऱ्या त्या ऐंशीच्या बाईंना लस मिळाली तर माझीही अर्धी काळजी मिटेल. पण यादी करताना आम्हाला कोणी विसरू नये एवढंच वाटतं. तुमच्याकडे यादी होईल तेव्हा किराणावाले, हमाल, भाजीवाले कुठे असतील, याची चौकशी भावोजींनी व्यापारी संघटनेत आत्तापासूनच करावी.

फराळाचं पार्सल अजून पोचलेलं नाही, टपाल फार संथ झालंय. चकल्यांचा चुरा झाला असेल तरी चालेल. सोसायटीच्या ग्रुपवर काय उत्तर दिलंस ते कळव, आणि दिलं नसलंस तर वरचं अहमदाबादचं आणि पाचपटीचं जरूर टाक. शुक्रवारी इथे मला दुपारची शिफ्ट आहे, तेव्हा तुमच्या संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन करते. श्रीकांत तेव्हा आंघोळीला गेलेले असतील.

तुझी,
मंगल