बाबा, एफडी मोडू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, एफडी मोडून टेस्लाचे शेअर घ्यायचा तुमचा विषय रविवारी फोनवर रंगात आला आणि आईने "पोरीला जेवू दे" म्हणत फोनच काढून घेतला. म्हणून सविस्तर लिहिते. आई, शेवटी तुझ्यासाठी एक काम आहे, तेव्हा तूही वाच.

कट्ट्यावरच्या काकांचं म्हणणं असं, की आयफोनवाल्या ॲपलकडे पैसा पडून आहे, टेस्लाकडे विजेवरची गाडी आहे, आज ना उद्या ॲपल टेस्ला घेणारच. मग आत्ताच टेस्लाचे शेअर घेऊन ठेवा. ही आवई जुनी आहे, पण अगदीच बिनबुडाची नाही. डिसेंबर २०२० मध्ये टेस्लाच्या खुद्द प्रमुखाने, इलॉन मस्कनेच, ट्विटरवर लिहिलं होतं, की मॉडेल थ्री ह्या आमच्या गाडीच्या सगळ्यात वाईट दिवसांत मी ॲपलच्या तेव्हाच्या प्रमुखाशी, टिम कुकशी, संपर्क साधला होता, आताच्या किमतीच्या एक दशांशात कंपनी देण्याबद्दल बोलायला. कुकने भेटच नाकारली. ट्वीट केलं तेव्हा टेस्लाचं बाजारमूल्य ६०० अब्ज डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे हा सौदा ६० अब्जांचा झाला असता. २०१७ साली ॲपलची रोख गंगाजळी २५० अब्जांच्या वर होती. कुकने पुढे मुलाखतीत सांगितलं, की मस्कशी मी कधी बोललेलोच नाही. दोघांपैकी खरं कोण, देव जाणे.

तुम्ही म्हणालात, "केवढी संधी घालवली!" मला तसं वाटत नाही, आणि ह्याचं कारण माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळेल. हयात पिंप्रीच्या कारखान्यात, शॉपवर गेली तुमची.

टेस्लाचा फ्रीमाँटचा कारखाना इथल्या, कॅलिफोर्नियातल्या हायवेवरून दिसतो. पूर्वी तिथे जनरल मोटर्स आणि टोयोटा मिळून गाड्या बनवायच्या, २०१० मध्ये तो टेस्लाने घेतला. २०१८ मध्ये आठवड्याला ५,००० मॉडेल थ्रीचं टार्गेट गाठताना शेडमध्ये जागा पुरेना, म्हणून त्यांनी आवारात चक्क तंबू ठोकून त्यात असेंब्ली लाईन लावली. त्याआधी सगळं रोबोटकडून करून घ्यायचा हट्ट होता. बॅटरीवर फायबरग्लासची मऊ चटई ठेवायलाही रोबोट! त्याला ती धड उचलता येईना, लाईन अडायची. शेवटी कळलं, की ती चटई नसली तरी चालतं. तुमच्या शॉपवरच्या एखाद्या फिटरने पहिल्याच शिफ्टला विचारलं असतं, "साहेब, ही हवीय कशाला?"

आता हे सगळं निस्तरायला ॲपल काय करणार होती? तिचा आयफोन बनवतात फॉक्सकॉनसारख्या दुसऱ्या कंपन्या. तिला शंभराच्या विक्रीवर चाळीसच्या वर सकल नफा (म्हणजे माल बनवायचा खर्च वजा जाता उरतं ते) घ्यायची सवय, आणि टेस्लाला २०२४ मध्ये जेमतेम १८ सुटले. शिवाय गाडी विकली की संपलं असं नसतं. रिकॉल, म्हणजे दोष निघाला की गाड्या परत बोलावणं, सुटे भाग, अपघात, कोर्टकचेऱ्या. फोन हँग झाला तर माणूस चिडतो, ब्रेक हँग झाला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

"मग टाटांनी २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर घेतलीच की!" हा तुमचा हुकमी पत्ता. पण बाबा, टाटा आधीपासून गाड्याच बनवत होते. विकणारी फोर्डही गाडीवालीच. २.३ अब्ज डॉलर मोजताना आपण काय घेतोय हे त्यांना कळत होतं. ॲपलनेही स्वतः गाडी करून पाहिली. २०१४ च्या सुमारास काम सुरू केलं, मोठमोठी माणसं आणली, मध्येच बेत बदलले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. त्याच्या पुढच्याच महिन्यात शाओमी ह्या चिनी फोनवाल्या कंपनीने स्वतःची गाडी विक्रीला आणली, तीही कुठली कार कंपनी विकत न घेता, बीजिंगमध्ये स्वतःचा कारखाना उभारून. म्हणजे फोनवाल्याला गाडी जमत नाही असं नाही. पण कारखान्यात स्वतः उतरावं लागतं, नुसता चेक फाडून भागत नाही. मस्कच्या तऱ्हेवाईकपणावर उभी राहिलेली टेस्ला कुकच्या शिस्तीत टिकली असती, हे तर मला अजिबात पटत नाही.

आणि आता तर प्रश्नच मिटला. टेस्लाची किंमत हजार अब्ज डॉलरच्या घरात गेली आहे. ॲपलची आजवरची सगळ्यात मोठी खरेदी म्हणजे २०१४ मधली बीट्स, हेडफोनवाली. ३ अब्जांची. तेव्हा काकांना चहा पाजा, मुंबईत बीकेसीतलं टेस्लाचं शोरूम पुन्हा एकदा बघून या, साठ लाखांच्या गाडीत बसून फोटोही काढा. शेअर घ्यायचेच असतील तर पेन्शनमधून उरतील तेवढ्याचे घ्या, आणि टेस्लाच्या गाड्या खपतील असं वाटतं म्हणून घ्या, ॲपल येईल म्हणून नको.

आई, एफडीच्या पावत्या तुझ्या कपाटात आहेत ना? मी डिसेंबरात येईपर्यंत किल्ली बाबांना देऊ नकोस.

तुमची,
मुग्धा